टर्न

जळालेली मोटर उघडली की आधी वास येतो,
करपलेल्या कागदाचा, वार्निशचा.
जुनी तार कापून काढायची, स्लॉट खरवडायचे
आणि मग मोजत बसायचं.
एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट…
एवढ्यात समोरून धरणगावची एसटी जाते,
मागच्या धुळकट काचेवर कुणीतरी बोटानं नाव लिहिलेलं,
ते वाचता वाचता मी पार चौथीच्या वर्गात.
परत येतो तेव्हा तार हातात असते. आकडा नसतो.

वीस वर्षं अमळनेरात हाच धंदा.
माझ्या हरवलेल्या आकड्यांनी
किती मोटरी दुसऱ्यांदा जळाल्या, मला विचारू नका.
वैजयंताला विचारा. पैसे तिनं परत केलेत.

बाप म्हणायचा, “भटू, तुनं ध्यान कोठे शे रे?”
मला खरंच ठाऊक नसायचं.
असतं तर जाऊन घेऊन आलो असतो.

आणि गेलो होतो तेही माझ्यासाठी नाही.
शाळेनं पोराला पाठवलं होतं जळगावला.
डॉक्टर भंगाळे त्याच्याशी बोलत होते
आणि बघत होते माझा पाय,
ज्यानं त्यांच्या टेबलावरचा पेनस्टँड थरथरत होता.
“तुमचं कसं होतं शाळेत?” एवढंच विचारलं.
मी जो सुरू झालो,
बाहेरचे तीन पेशंट उठून चहाला गेले.

त्रेचाळिसाव्या वर्षी नाव मिळालं: एडीएचडी.
“म्हणजे आळशी नाहीत हे?” वैजयंतानं विचारलं.
मग पुन्हा विचारलं, या वेळी डॉक्टरांकडे न बघता.

पहिल्या गोळीनंतर काय झालं सांगतो.
पंख्याचा आवाज पंख्यात जाऊन बसला.
शेजारचा मिक्सर शेजारी गेला.
सगळे आपापल्या घरी,
आणि दुकानात मी एकटा, हातात पाना.
इतकं शांत असतं लोकांना? रोज?
राग आला मला. कुणाचा, ते कळेना.

दुपारी भरताला हात लागत नाही आता, तोंड कोरडं.
डॉक्टर नाडी बघतात, प्रेशर बघतात,
म्हणतात, चष्म्यासारखं समजा.
पण चष्मा संध्याकाळी आपोआप उतरत नाही
आणि उतरताना पोरांवर खेकसत नाही.
गोळी अमळनेरात मिळतही नाही.
दर महिन्याला जळगाव, दर महिन्याला नवी चिठ्ठी.
म्हणजे विसरण्यावरचं औषध आणायला
आधी तारीख लक्षात ठेवायची!
मार्चमध्ये चिठ्ठी घरीच राहिली. पाळधीला आठवलं.

बुधवारी तडवी मॅडम.
त्या ‘लक्ष द्या’ म्हणत नाहीत.
म्हणतात, वीस टर्न झाले की खडूची रेघ मारा.
उधारीची वही एकट्यानं उघडू नका,
कुणी नुसतं बाजूला बसलं तरी पुरे.
हर्षाली बसते, तिची गणितं घेऊन. बोलत नाही.
एकदा मॅडमनी विचारलं,
चुकल्यावर मनात जे वाक्य येतं, त्याचा आवाज कुणाचा?
बापाचा, म्हटलं.
त्या थांबल्या. घड्याळ चालू.

आणि मला दिसला बाप,
ओसरीत तीन अर्धवट विणलेल्या खाटा,
दाढी एकाच गालाची झालेली,
पारोळ्याच्या बाजारात मला विसरून घरी आलेला,
रात्री कंदील घेऊन पुन्हा निघालेला.
मला घट्ट धरून तेच म्हणत होता,
ध्यान कोठे शे रे तुनं, ध्यान कोठे शे,
आणि मी तर काहीच केलं नव्हतं त्या दिवशी.

आज कूलरची मोटर आहे, मे महिना, घाई सगळ्यांना.
फरशीवर खडूच्या सात रेघा.
एसटी येतेय, हॉर्न ओळखतो मी.
एकशे बेचाळीस.
एकशे त्रेचाळीस.
काचेवर काहीतरी लिहिलंय.